विजेच्या गाडीची बॅटरी बदलतांना



विरार स्टेशनावर उभे असतांना डोक्यावरील तार आपण पुष्कळदां पाहिली असेल. पण तिचा विचार थोड्यांनींच केला असेल. बोरिवलीच्या पुढें विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ सालीं आली. त्या गाडीला आपली वीज बरोबर न्यावी लागत नाहीं. लागेल तेवढी ती तारेंतून घेते. फुलपाड्याच्या रस्त्यावरून भाजी, पाण्याचे जार किंवा दुकानाचा माल नेणाऱ्या तीन चाकी विजेच्या गाडीचें मात्र तसें नाहीं. दिवसभराची सारी वीज तिला शिदोरीप्रमाणें बांधूनच निघावें लागतें. ही शिदोरी म्हणजे बॅटरी. ती जुनी झाली म्हणजे काय करावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा नाहीं. तो घरखर्चाचा आहे, आणि लहान मुलांच्या आरोग्याचाही आहे.

आपल्या राज्यांत या विषयावर फार पूर्वींपासून विचार झाला आहे. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी यांनीं बॅटरीवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली व तिच्याविषयीं २००२ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत लेख लिहिला. २०१५ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन ‘ई-रिक्षा’ आणि माल नेणारी ‘ई-कार्ट’ यांस कायद्यानें स्थान मिळालें. माथेरानांत माणसानें माणसास ओढून नेण्याच्या हातरिक्षा होत्या. तेथें सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनें २०२२ सालीं ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ज्या यंत्रानें माणसाच्या खांद्यावरचें ओझें उतरतें, त्याची निगा माणसानें नीट शिकून घेणें हें न्यायाचेंच होय.

शिशाची बॅटरी कशी चालते?

गास्ताँ प्लाँते नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं ही बॅटरी शोधून काढली. तिच्यांत शिशाची एक पट्टी व शिशाच्या प्राणिदाची दुसरी पट्टी अशा दोन पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडविलेल्या असतात. वीज देतांना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट नांवाचा पांढरा क्षार जमतो व अम्ल पातळ होत जातें. बाहेरून वीज भरली म्हणजे ही क्रिया उलट होते. क्षार विरघळतो आणि अम्ल पुन्हां तीव्र होतें. म्हणूनच अम्लाचें विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरनें मोजलें असतां बॅटरी किती भरली आहे तें कळतें. पूर्ण भरलेलीचें तें सुमारें १·२८ असतें, रिकामीचें सुमारें १·१२.

एका घटाचा दाब सुमारें दोन व्होल्ट. असे सहा घट ओळीनें जोडले कीं बारा व्होल्टांची एक बॅटरी होते, आणि अशा चार बॅटऱ्या ओळीनें जोडल्या कीं गाडीस लागणारे अठ्ठेचाळीस व्होल्ट मिळतात.

ती निकामी कां होते?

लेड सल्फेटचा थर ताजा असतां विरघळतो. पण बॅटरी अर्धवट रिकामी ठेवून दिवस काढले तर त्याचे कठीण स्फटिक बनतात व मग ते विरघळत नाहींत. बॅटरी दररोज तळापर्यंत रिकामी केली तरी तिचें आयुष्य लवकर संपतें. पाणी आटून पट्ट्या उघड्या पडल्या तर त्या खराब होतात. त्या पाण्याच्या जागीं ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. विहिरीच्या व नळाच्या पाण्यांत क्षार असतात, ते घटास बाधतात. आटलेलें असतें तें पाणी, अम्ल नव्हे. म्हणून वरून अम्ल कधींही घालूं नये.

गाडीची चाल मंदावली म्हणून चारही बॅटऱ्या गेल्या असें लगेच समजूं नये. प्रथम गाडी चालत असतांना प्रत्येकीचा दाब व्होल्टमीटरनें वेगवेगळा मोजावा. पुष्कळदां तीन ठीक असतात व एकीचा दाब एकदम खालीं येतो. ओळीनें हात धरून चालणाऱ्या चौघांची चाल सर्वांत थकलेल्याच्या चालीइतकीच असते. येथेंही तसेंच आहे. संच नवा असेल तर बिघडलेली एकच बदलावी. परंतु संच जुना झाला असेल तर तीन जुन्यांत एक नवी मिसळूं नये. भरतांना व रिकामी होतांना त्यांची चाल जुळत नाहीं आणि नवीचें आयुष्यही व्यर्थ जातें.

शिसें कीं लिथियम?

संच बदलावयाचाच ठरला, तर आज दुसराही मार्ग आहे. लिथियम बॅटरीच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गाड्यांसाठीं तिचा लोह-फॉस्फेट हा प्रकार पुष्कळ वापरतात. त्याच्या एका घटाचा दाब ३·२ व्होल्ट. असे सोळा घट ओळीनें जोडले कीं ५१·२ व्होल्ट होतात.

आतां थोडें गणित करूं. समजा, फुलपाड्यांतील एका गृहस्थाच्या मालगाडींत शंभर अँपियर-तासांचा शिशाचा संच आहे. ४८ × १०० = ४८०० वॅट-तास, म्हणजे ४·८ युनिट. परंतु आयुष्य टिकावें म्हणून यांतील अर्धीच वीज वापरावी, म्हणजे रोज २·४ युनिट. असा संच सुमारें चारशें वेळां भरतां येतो असें धरलें, तर जन्मभरांत तो २·४ × ४०० = ९६० युनिट वीज देईल. लोह-फॉस्फेटचा तेवढ्याच अँपियर-तासांचा संच ५·१२ युनिटांचा. त्यांतील ऐंशी टक्के वापरल्या तर सुमारें ४·१ युनिट. तो दोन हजार वेळां भरतां येतो असें धरलें, तर ४·१ × २००० = ८२०० युनिट होतात. म्हणजे पहिल्याच्या सुमारें साडेआठपट! म्हणून विकत घेतांना केवळ किंमत विचारूं नये. किंमतीस या एकूण युनिटांनीं भागून पाहावें. हातीं आज पैसे थोडे असतील तर शिशाचा संच घेण्यांत लाज नाहीं; पण स्वस्त काय व महाग काय, हें भागाकारानंतर ठरवावें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत येईल. रोज २·४ युनिटच लागत असतील, तर साठ अँपियर-तासांचा लिथियम संचही पुरेल. शिशाच्या चार बॅटऱ्यांचें वजन शंभर किलोंहून अधिक भरतें. हा लहान संच तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका असतो. मात्र मोटार चढावर जेवढा प्रवाह ओढते तेवढा तो संच देऊं शकतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

बदलतांना ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी

पहिली : शिशाचा चार्जर लिथियमला लावूं नये. दोहोंची भरण्याची रीत निराळी आहे.

दुसरी : लिथियम संचांत प्रत्येक घटावर लक्ष ठेवणारें इलेक्ट्रॉनिक रक्षकयंत्र असलेंच पाहिजे. त्याच्यावांचून संच घेणें म्हणजे घरांत आग आणून ठेवणें होय.

तिसरी : गाडीवरील जुना कांटा फसवील. लिथियमचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो व मग एकदम पडतो. म्हणून त्यास योग्य असा नवा मापक बसवावा.

चौथी : नवा संच हलका असल्यामुळें पेटींत मोकळी जागा राहते. तो घट्ट आवळून बसवावा. खड्ड्यांच्या रस्त्यांत सैल संच धोक्याचा.

पांचवी : नोंदणी झालेल्या गाडींत असा बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.

प्रत्यक्ष काम जाणत्या माणसाकडूनच करवावें. त्यानेंही प्रथम मुख्य बटण बंद करावें, हातांतील अंगठी व कडें काढून ठेवावें, डोळ्यांस चष्मा व हातांस रबरी मोजे घालावे. धन व ऋण अग्रांवर एकाच वेळीं पाना पडला तर तो क्षणांत लाल होतो. शिशाची बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु निघतो. म्हणून ती हवेशीर जागीं भरावी व जवळ विडी किंवा दिवा नेऊं नये.

जुनी बॅटरी कोठें जाते?

येथें पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. नवी बॅटरी बसली, गाडी चालूं लागली, म्हणजे काम संपलें असें वाटतें. परंतु जुन्या चार बॅटऱ्या अजून दाराशीं पडलेल्या असतात. त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. दोन पैसे अधिक मिळतात म्हणून त्या कोणासही विकल्या, आणि त्यानें त्या वस्तींत फोडून अम्ल गटारांत ओतलें व शिसें उघड्या भट्टींत वितळविलें, तर तें विष धूळ होऊन अंगणांत पसरतें. फुलपाड्यास लागूनच पापडखिंड धरणाचा जलाशय आहे. मातींत पडलेलें पावसाच्या पाण्याबरोबर कोठें जाईल, हें निराळें सांगावयास नको.

शिसें मुलांच्या मेंदूस घातक आहे. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें ऐंशी कोटी मुलांच्या, म्हणजे दर तीन मुलांपैकीं एकाच्या रक्तांत काळजी करण्याइतकें शिसें आहे. आणि बॅटऱ्यांचें अशा गैर रीतीनें होणारें पुनश्चक्रीकरण हें त्याचें एक प्रमुख कारण सांगितलें आहे. शिशाचें निर्धोक असें प्रमाणच नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें आहे. हें विष दिसत नाहीं, त्याचा वास येत नाहीं. वर्गांतील एखाद्या मुलाचें लक्ष लागत नाहीं, एवढेंच आपणांस दिसतें.

उपाय कठीण नाहीं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुनी बॅटरी इतर कचऱ्यांत न मिसळतां नोंदणीकृत पुनश्चक्रकाकडे जाईल अशा रीतीनें देणें हें ग्राहकाचें कर्तव्य आहे. नवी घेतांनाच जुनी विक्रेत्याकडे द्यावी व पावती घ्यावी. नीट वितळविलेलें शिसें पुन्हां नव्या बॅटरींत जातें. तेंच शिसें अंगणांत सांडलें तर मुलाच्या पोटांत जातें. धातु एकच, फरक आपण तो कोणाच्या हातीं देतों यांत आहे.

पालकांस विनंती आहे कीं हा लेख मुलांबरोबर बसून वाचावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं किंवा शेजारीं अशी गाडी असेल, तर पुढील प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून काढा :

१. त्या गाडीचा संच किती व्होल्टांचा व किती अँपियर-तासांचा आहे? त्यावरून युनिट काढा.

२. त्या संचाची किंमत विचारून, जन्मभरांतील एका युनिटास किती खर्च पडतो तें काढा.

३. मागील जुनी बॅटरी कोणास दिली? पावती आहे काय?

पहिल्या दोन प्रश्नांनीं तुमची बुद्धि तपासली जाईल. तिसऱ्यानें आम्हां वडीलधाऱ्यांची.