अर्धा रिपोर्ट

‘अँटी एचसीव्ही : रिअॅक्टिव्ह’ असं छापलेला कागद ज्यांच्या घरात नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अशा वेळी धीर द्यायला बरेच जण येतात, घाबरवायला त्याहून जास्त. पुढची तपासणी कोणती करायची हे सरळ सांगणारं माणूस मात्र लवकर भेटत नाही. म्हणून ते आधीच सांगून टाकते. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू. त्याच्यासाठीची ‘एचसीव्ही आरएनए’ नावाची पीसीआर तपासणी करून घ्या आणि तिचा निकाल हातात येईपर्यंत घरातली ताटवाटी, ठरलेलं लग्न, नोकरी, औषधपाणी यांतलं काहीही बदलू नका. तातडीचं ऑपरेशन असेल तर तेही थांबवायचं कारण नाही.

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीनंतर पोट दुखायला लागलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. भुलीच्या डॉक्टरांना फिटनेससाठी रक्ताचे रिपोर्ट लागतात. त्यांत साखर, क्रिएटिनीन यांच्या जोडीला एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तीन तपासण्या असतात. पेशंटला त्या सांगून केल्या जातातच असं नाही. मला तर त्या केल्याचं कळलं ते काउंटरवरच्या मुलीने आतल्या मुलीला ओरडून विचारलं तेव्हा : “सी निघालेला पेशंट कुठला?” बाकावर बसलेल्या पाचपन्नास लोकांनी मान वळवली. फाईलवर लाल स्टिकर चिकटलं, ऑपरेशनची तारीख रद्द झाली आणि ‘मोठ्या ठिकाणी दाखवा’ एवढाच सल्ला मिळाला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. अशी बरीच असावीत.

घरी आल्यावर पहिला प्रश्न आमच्या ह्यांनी विचारला, “म्हणजे कावीळच ना?” आपल्याकडे लिव्हरचं काहीही झालं की ती कावीळच, आणि काविळीवर प्रत्येकाच्या ओळखीत औषध देणारा असतो. जाऊबाई दुसऱ्या दिवशी काविळीची माळ घेऊन हजर. “घाला वैनी, आमच्या भावाला आठ दिवसांत उतार पडला.” माळेने निदान अपाय तरी होत नाही. मला भीती होती ती तिच्यामागून येणाऱ्या काढ्यांची. कोविडच्या काळात भरपूर गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाला ते मान्य झालं नाही, पण ज्याच्या लिव्हरबद्दल आधीच शंका आहे त्याने असले प्रयोग कशाला करायचे? रिपोर्टमध्ये काही निघालं की लोक पहिल्यांदा हेच करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मिरजेतल्या पोटविकारतज्ज्ञांनी रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, “बाई, याच्या पुढचा रिपोर्ट कुठंय?” पुढचा असा नव्हताच. तेव्हा त्यांनी जे समजावलं, ते वर्गात शिकवावं इतकं स्वच्छ होतं. “तुमच्या सांगलीत भिंतींवर २०१९ च्या पुराच्या खुणा आहेत ना? पाणी कुठवर आलं होतं ते त्यावरून कळतं. पण आज घरात पाणी आहे का, हे खूण बघून सांगाल? त्याला दार उघडून आत बघायला लागतं.”

‘अँटी एचसीव्ही’ तपासणीत दिसते ती ही खूण, म्हणजे अँटिबॉडी : शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेलं प्रथिन. ती सापडली याचा अर्थ शरीराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली असावी. विषाणू आज रक्तात आहे की नाही, याबद्दल ती काहीच बोलत नाही. ते पाहायचं तर विषाणूचं स्वतःचं जनुकीय द्रव्य, म्हणजे आरएनए, शोधावं लागतं. लागण झालेल्या दर १०० जणांपैकी साधारण १५ ते ४५ जणांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांतच, कुठल्याही औषधाशिवाय, विषाणूला हुसकावून लावतं. अँटिबॉडी मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं, बऱ्याचदा जन्मभर राहते. औषध घेऊन बरे झालेल्यांच्या रक्तातही ती राहते.

माझं रक्त पीसीआरला गेलं. निकाल आला : ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. विषाणू नाही.

मग गाठ पडली कधी? डॉक्टरांनी जुनं काही आठवतंय का विचारलं आणि मला १९९१ आठवलं. मुलीच्या जन्मानंतर रक्तस्राव थांबेना, तेव्हा तातडीने रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला तोच १९८९ मध्ये. तोवर डॉक्टर मंडळी रक्तातून पसरणाऱ्या त्या आजाराला ‘ए नाही, बी नाही’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. या शोधासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक बाटलीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर बंदी आली १९९८ मध्ये. त्यामुळे २००१ च्या आधी ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्या माझ्या वयाच्या कित्येक बायकांनी, अपघातातून वाचलेल्यांनी ही तपासणी एकदा करून घ्यायला हरकत नाही. नुसत्या उकळलेल्या काचेच्या सिरिंजची इंजेक्शनं घेतलेले आणि जत्रेत गोंदवून घेतलेले यांनीही. माझ्या बाबतीत कारण बहुधा त्या बाटल्यांतलं असावं. ज्यांनी त्या चढवल्या त्यांनी माझा जीव वाचवला, तेव्हा तक्रार नाही.

इथे गणिताची शिक्षिका म्हणून थोडं थांबते. आरएनए नसूनही अँटिबॉडी दिसते त्याची कारणं तीन : शरीराने विषाणू आपोआप घालवला, औषधाने गेला, किंवा मुळात लागण झालीच नव्हती आणि तपासणी चुकली. तिसरं कारण लोकांना खोटं वाटतं. “मशीन कसं चुकेल?” तर समजा, गावातल्या १००० धडधाकट लोकांची तपासणी केली. त्यातल्या ५ जणांना खरोखर कधीतरी लागण झालेली आहे आणि तपासणी त्या पाचही जणांना पकडते. बाकीच्या ९९५ जणांमध्ये ती शंभरात ९९ वेळा बरोबर ठरते. तरी त्यातले सुमारे १० जण विनाकारण ‘रिअॅक्टिव्ह’ येणार. म्हणजे रिअॅक्टिव्ह आलेल्या १५ पैकी १० जणांना काहीच झालेलं नाही! आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण तत्त्व खरं आहे. जिथे आजार कमी, तिथे चांगली तपासणीसुद्धा बऱ्याच जणांना उगाच घोर लावते. रक्तदान शिबिरात उत्साहाने गेलेल्या तरुण पोरांच्या बाबतीत हे लक्षात ठेवावं. ऑटोइम्यून आजार असलेल्यांतही असं होऊ शकतं. आरएनए नसेल आणि अँटिबॉडी खरी की खोटी हे कळायलाच हवं असेल, तर वेगळ्या पद्धतीच्या किटवर अँटिबॉडीची तपासणी करून घेता येते. मला रक्त चढवल्याचा इतिहास होता, म्हणून डॉक्टरांनी त्या भानगडीत पाडलं नाही.

सगळ्यांत अवघड गेलं ते मुलाला सांगणं. तो १९९४ चा, म्हणजे रक्त चढवल्यानंतरचा. गरोदरपणी आईच्या रक्तात विषाणू असेल तर शंभरात साधारण पाच-सहा बाळांना तो जातो, आणि तेव्हा माझ्या रक्तात तो होता की नव्हता हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्याच सुमारास पुण्यात त्याचं लग्न ठरत होतं. ह्यांचं म्हणणं, साखरपुडा होऊ दे, मग बघू. मी ऐकलं नाही. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आई, तपासणीच आहे ना? उद्या सकाळी देऊन टाकतो रक्त.” नॉन-रिअॅक्टिव्ह आला. ह्यांनीही तपासून घेतलं, त्यांचाही तसाच. नवरा-बायकोत हा विषाणू क्वचितच पसरतो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, पाण्यातून तर पसरतच नाही. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे असावेत, आणि ते एरवीही असावेत. मुलीला तपासायची गरज नव्हती, तिचा जन्म आधीचा. जाता जाता नव्या आयांसाठी : आईची अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीडेक वर्षापर्यंत सापडू शकते, म्हणून त्याआधी बाळाची अँटिबॉडी तपासून घाबरून जाऊ नका.

‘नॉट डिटेक्टेड’ आलं की विषय संपला का? बहुतेकांचा संपतो. पण गेल्या सहा महिन्यांत धोका घडला असेल, म्हणजे सुई टोचली असेल, कुठे संशयास्पद इंजेक्शन झालं असेल, तर आरएनए काही काळाने पुन्हा करावी लागते. डायलिसिसवरचे, केमोथेरपी घेणारे, एचआयव्ही असलेले यांच्यात उलटाही घोटाळा होतो. विषाणू असतो आणि अँटिबॉडी दिसत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टर थेट आरएनए सांगतात. आणि ‘लिव्हरची एसजीपीटी नॉर्मल आहे, मग कशाला पीसीआर?’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. विषाणू असूनही एसजीपीटी नॉर्मल असलेले लोक पुष्कळ असतात.

आरएनए सापडला तरी आभाळ कोसळत नाही. गोळ्या आहेत, बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरात पंचाण्णवच्या वर लोक बरे होतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा, खासगीत पीसीआरलाच काही हजार मोजावे लागतात. गोळ्या सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी तपासलंय ना, हे मात्र विचारा. तो विषाणू दबून बसलेला असेल तर सीच्या उपचारात डोकं वर काढू शकतो. आणि बरं झाल्यावर पुन्हा लागण होत नाही असं समजू नका. ही अँटिबॉडी संरक्षण देत नाही, आणि या आजारावर लसही नाही.

माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन मिरजेत नीट पार पडलं. पुढे मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या एका दवाखान्यात गेले, तर तिथे पुन्हा तीच अँटिबॉडीची तपासणी, पुन्हा रिअॅक्टिव्ह, आणि “ऑपरेशनच्या स्पेशल संरक्षक किटचे जास्तीचे पैसे भरावे लागतील, काकू.” मी पीसीआरचा रिपोर्ट पुढे ठेवला. मुलगी म्हणाली, “पण आमच्यात पॉझिटिव्हच आलंय.” म्हटलं, येणारच. दर वेळी येणार. तुम्ही कधीही करा, माझं हे असंच येणार! शेवटी आतल्या डॉक्टरांना भेटले. त्यांना मुद्दा तत्काळ कळला आणि किटची रक्कम बिलातून गेली. खरं तर प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच काळजी घ्यायची, हा सगळ्या दवाखान्यांचा नियम आहे. विषाणू असलेल्या पेशंटलाही वेगळा दर लावायला त्यात जागा नाही, मग माझी काय कथा.

म्हणून ‘बघू या गेलं का ते’ म्हणून अँटिबॉडीची तपासणी पुन्हा करायला जाऊ नका. ती सहसा जात नाही, आणि दर खेपेला नवा माणूस तुम्हाला नव्याने घाबरवतो. पुढे कधी शंका आलीच, तर आरएनए करा. रक्तदान मात्र बंद. आपल्याकडच्या रक्तपेढ्या अँटिबॉडी सापडलेल्याचं रक्त घेत नाहीत, पीसीआर काहीही सांगो. त्यावरून वाद घालू नये, बाटली घेणाऱ्याच्या बाजूने तो नियम ठीक आहे. मंडळाच्या शिबिरात मी आता नावं लिहून घ्यायला बसते.

दोन्ही रिपोर्ट एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, एक मागे राहिला तर दुसऱ्याचा उपयोग नाही. मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. आणि तज्ज्ञांकडून एक पत्र लिहून घ्या : अँटिबॉडी आहे, अमुक तारखेला आरएनए आढळला नाही, सध्या हिपॅटायटिस सीचा संसर्ग नाही, उपचारांची गरज नाही. पत्र लेटरहेडवर असावं, खाली सही, शिक्का आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर असावा. साध्या चिठ्ठीवर लिहिलेलं विमा कंपनीचा माणूस हातातसुद्धा धरत नाही.