भाषेच्या वाटेने रुमानियात

परदेशी जाणारे प्रवासी सामान्यतः दोन प्रकारचे आढळतात. काही जण तेथील पर्वत, नद्या, राजवाडे आणि बाजार पाहून परत येतात. काही थोडे असे असतात की, ते प्रथम तेथील भाषा शिकतात आणि मग त्या भाषेचे बोट धरून लोकांच्या घरात व मनात प्रवेश करतात. या दुसऱ्या प्रकारच्या एका भारतीय विदुषीचा परिचय विद्यार्थिमित्रांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे. त्यांचे नाव अमिता बोस.

प्रथम देशाची थोडी ओळख करून घेऊ. युरोपच्या आग्नेय भागात रुमानिया हा सुमारे २,३८,००० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा देश आहे. मध्यभागी कार्पेथियन पर्वताची मोठी कमान पसरलेली असून डॅन्यूब नदी दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन अनेक मुखांनी काळ्या समुद्रास मिळते. इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजान याने हा प्रदेश जिंकला. रोमन सत्ता पुढे गेली, परंतु लॅटिनपासून निघालेली भाषा मात्र तेथे रुजली. भोवताली बहुतेक स्लाव्ह व हंगेरियन भाषांचा वेढा असताना ही भाषा टिकून राहिली, हे तिचे वैशिष्ट्य होय.

या भाषेचे काही शब्द ऐकले तर आपणास नवल वाटेल. 'सप्त' म्हणजे तेथे 'शाप्ते', 'अष्ट' म्हणजे 'ओप्त', 'दंत' म्हणजे 'दिन्ते' आणि 'नाम' म्हणजे 'नुमे'. संस्कृत व लॅटिन या एकाच भाषाकुलातील असल्यामुळे हे साम्य दिसते. आणखी एक गंमत अशी की, इंग्रजीत नामापूर्वी येणारे निश्चयवाचक पद येथे शब्दाच्या शेवटी जोडतात. 'ओम' म्हणजे माणूस. 'ओमुल' म्हणजे तो विशिष्ट माणूस.

अमिताबाईंचा जन्म १९३३ साली कलकत्त्यास झाला. १९५९ मध्ये त्या पतीसमवेत प्रथम रुमानियात गेल्या. परमुलखात थोडे दिवस राहावयाचे असता कामापुरते चार शब्द शिकून भागले असते. परंतु त्यांनी बुखारेस्ट विद्यापीठात रुमानियन भाषा व साहित्य यांचा रीतसर अभ्यास आरंभिला.

भाषा समजू लागली की साध्या गोष्टींनाही अर्थ येतो. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा शिजवून तेथील शेतकरी खातात. त्यास 'ममलिगा' म्हणतात व जुन्या रीतीप्रमाणे तो सुरीने न कापता दोऱ्याने कापतात. मार्चच्या पहिल्या दिवशी वसंताच्या स्वागतार्थ तांबडा व पांढरा दोरा पिळून त्याचे 'मर्त्सिशोर' मुलींना व स्त्रियांना देतात. काही दिवस ते अंगावर वागवून पुष्कळ ठिकाणी शेवटी फळझाडाच्या फांदीला बांधतात. आपणास राखीची आठवण यावी, असाच हा प्रकार आहे. याच भाषेत 'दोर' असा एक लहानसा शब्द आहे. आपल्या विहिरीवरच्या दोराशी त्याचा काही संबंध नाही! दूर असलेल्या माणसाची, गावाची वा गत दिवसांची जी हुरहूर लागते, ती म्हणजे 'दोर'. लोकगीतांत तो शब्द वारंवार येतो. ओढ, विरह, हुरहूर हे आपले तिन्ही शब्द एकत्र केले तर त्याचा अर्थ कोठे जवळ येतो.

पण अमिताबाईंना त्या देशात सापडलेली सर्वांत मोठी ठेव म्हणजे मिहाई एमिनेस्कू (१८५०–१८८९) या राष्ट्रकवीचे काव्य. या कवीने व्हिएन्ना व बर्लिन येथे अध्ययन केले होते आणि फ्रान्त्स बोप या जर्मन पंडिताचे संस्कृत व्याकरण रुमानियन भाषेत आणण्याचे काम हाती घेतले होते. त्याच्या 'पहिले पत्र' या काव्यातील सृष्टिपूर्व अवस्थेचे वर्णन वाचताना ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताची आठवण होते. 'कामदेव' या नावाचीही त्याची एक कविता आहे. भारतात कधीही पाऊल न ठेवलेल्या कवीच्या लेखणीत भारत असा उतरला होता.

अमिताबाईंनी एमिनेस्कूच्या कविता मूळ रुमानियनमधून बंगालीत आणल्या; ते पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये त्या पुन्हा रुमानियात गेल्या. एमिनेस्कूवरील भारतीय विचारांच्या प्रभावाचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १९७८ मध्ये 'एमिनेस्कू आणि भारत' हा त्यांचा ग्रंथ रुमानियन भाषेत प्रकाशित झाला. बुखारेस्ट विद्यापीठात त्यांनी बंगाली व संस्कृत शिकविले आणि रवींद्रनाथांचे साहित्य बंगालीतून थेट रुमानियनमध्ये उतरविले. रवींद्रनाथ स्वतः १९२६ साली बुखारेस्टला जाऊन आले होते. आता त्यांची वाणीही तेथील वाचकांना मूळ भाषेच्या अधिक जवळून ऐकू आली.

हा काळ सुखाचा नव्हता. १९७७ च्या मार्चमधील भूकंपाने बुखारेस्टमध्ये मोठी प्राणहानी केली. पुढील दशकात चाउशेस्कूच्या राजवटीने परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी धान्य देशाबाहेर पाठविले. घरी मात्र पाव, साखर व तेल मोजून मिळू लागले, आणि कडाक्याच्या थंडीतही घरे पुरेशी उबदार नसत. १९८९ च्या डिसेंबरमध्ये ती राजवट कोसळली. या सर्व वर्षांत अमिताबाईंचे अध्यापन चालूच होते. १९९२ मध्ये बुखारेस्ट येथेच त्यांचे निधन झाले. पाहुणी म्हणून गेलेली व्यक्ती त्या देशाच्या संकटकाळातही तेथेच राहिली. तिला आता परकी कोण म्हणेल?

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्याची भाषा शिकताना अमिताबाईंनी आपली भाषा टाकली नाही. बंगाली व संस्कृत यांची शिदोरी जवळ होती, म्हणूनच रुमानियन कवीच्या मनातील भारत त्यांना ओळखता आला. आपल्यापैकी अनेकांच्या घरात मराठी आणि बाजारात कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू अथवा कोकणी बोलली जाते. अमिताबाईंना जी संधी हजारो मैल जाऊन मिळाली, ती आपल्या उंबरठ्यावर उभी आहे. शेजाऱ्याची भाषा केवळ व्यवहारापुरती न शिकता तिच्यातील एखादा कवी मनापासून वाचावा आणि त्याचे चार शब्द मराठीत आणून पाहावेत. आपली मायबोली त्याने उणी होणार नाही. तिच्या घरी एक आप्त वाढेल.