खालून चौथा जिल्हा, म्हणजे नेमकं काय?

शंका : राज्याच्या मानव विकास अहवालात हिंगोली खालून चौथी आहे. आमचं आरोग्य वाशिमपेक्षा बरं आणि उस्मानाबादपेक्षा वाईट, असं मुलांना सांगावं का? – एक शिक्षक, सेनगाव तालुका

समाधान : नका सांगू, गुरुजी. २०१२च्या त्या अहवालात वाशिमचा निर्देशांक ०.६४६, हिंगोलीचा ०.६४८ आणि उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा, ०.६४९. एवढ्याशा फरकावर कुणाला वर-खाली बसवण्यात अर्थ नाही. फळ्यावर मुंबईचा ०.८४१ लिहा, दरी तिथे आहे. शिवाय या निर्देशांकात शिक्षण आणि उत्पन्नही मिसळलेलं असतं. नुसतं आरोग्य पाहायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन फेऱ्यांमधली हिंगोलीची पत्रकं शेजारी ठेवा. लसीकरण, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली उंची, सगळं त्यात आहे. मात्र ते नमुना सर्वेक्षण जिल्ह्यापुरतं. हळद-उसाचं वसमत आणि ऊसतोडीला गाव सोडणारे कोरडवाहू तांडे त्यात एकाच सरासरीत येतात, आणि ही सरासरी मला फार खुपते.

शंका : अवघड बाळंतपण आलं की आम्ही बाईला नांदेडला पाठवतो. ते बाळ कोणत्या जिल्ह्यात मोजलं जातं? – एक आशाताई, कळमनुरी तालुका

समाधान : ताई, जन्म-मृत्यूची नोंद घटना घडते तिथे होते, १९६९चा कायदाच तसा आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात बाळ दगावलं तर दाखला नांदेडचा. नुसत्या घटनास्थळावर मोजलं, तर जिथे अवघड रुग्ण पोचतात तो जिल्हा वाईट दिसतो आणि जिथून पाठवले तो उगाच चांगला. नोंदीच्या अर्जात आईचा राहता पत्ता विचारलेला असतो. तो 'नांदेड' असा उरकू देऊ नका, गावाचं नाव लिहायला लावा. पहिलटकरीण माहेरी गेली असेल तर हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा.

हिंगोलीला २०२४मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. अवघड रुग्ण इथेच थांबू लागले, तर इथल्या मृत्यूंचा आकडा वाढलेला दिसेल, तरी लगेच घाबरू नका. तुमच्या वहीतली ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाची गृहभेट, बाळाचं वजन अडीच किलोच्या आत होतं का, आई तोडीवरून कधी परतली, हे ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. शेजारच्या उपकेंद्राच्या नोंदीही मागा. तुमच्या गावाची तुलना तिथूनच होईल.