तपास फौजदाराच्या हाती

पुतणी : काका, पोलीस ठाण्याचे प्रभारी निरीक्षक, दोन स्टारचा उपनिरीक्षक त्यांच्या हाताखालचा. मग खटला पडला की तुम्ही वकील मंडळी त्या फौजदाराच्याच नावानं बोटं का मोडता?

काका : कारण उलटतपासाला तोच उभा राहतो. दोषारोपपत्र निरीक्षकांमार्फत कोर्टात जातं हे खरं, पण साधी घरफोडी घे. घटनास्थळाचा पंचनामा करायचा, पंच बोलवायचे, दागिने जप्त करून पाकीट लाखेनं सील करायचं, केस डायरी लिहायची, हे सगळं बहुधा उपनिरीक्षकाकडे. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. मात्र कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून मुद्देमाल निघाला, तर त्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. म्हणून कधी कधी अख्खा खटला एका मेमोरँडम पंचनाम्यावर तरतो. पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी नसली की बचावाचा पहिला प्रश्न तिथंच! वरिष्ठांनी पुढे कितीही देखरेख केली तरी राहिलेली सही मागाहून घेता येत नाही.

पुतणी : पण मोक्कासारख्या गुन्ह्यांचा तपास वरच्या अधिकाऱ्यांकडेच असतो. म्हणजे कायद्याचाच या पदावर भरवसा नाही.

काका : मोक्काला किमान उपअधीक्षक लागतो, आयटी कायद्याच्या गुन्ह्याला निरीक्षक. पण मोक्कात अधीक्षकापुढची कबुलीही पुरावा ठरू शकते. एवढा अधिकार द्यायचा तर हुद्द्याचा लगाम हवाच. शिवाय मोक्का बऱ्याचदा मागाहून लागतो. तोवर पहिले पंचनामे साध्या कलमांखाली होऊन गेलेले असतात.

पुतणी : मग चुका होतात त्या आळसानंच ना?

काका : काही आळसानं होतात, झाकू कशाला? पण आरोपी कोठडीत असला की 60 दिवसांत, फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत, दोषारोपपत्र गेलं पाहिजे. नाहीतर तो हक्कानं जामीन मागतो. त्याच दिवसांत गणपतीचा बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, रात्रपाळी आणि जुन्या खटल्यांतल्या साक्षी. जुलै 2024 पासून झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं झालं. ते योग्यच, पण काम वाढलंच की. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, दहा लाख वस्तीच्या शहरांपासून सुरुवात करा, असं बजावलं होतं. माणसं कमी आहेत, ही सबब तेव्हापासून ऐकतोय. माणसं कमी असतील तर नाशिकच्या अकादमीत पंचनामा शिकवून तयार केलेला अधिकारी मिरवणुकीत दोरी धरायला का पाठवायचा?