जाड व गोलाकार अक्षर : त्याचे रूप आणि उपयोग

दुकानाची पाटी दुकानदाराच्या आधी गिऱ्हाइकाशी बोलते. माल चोख असावा, तराजू खरा असावा, हे आपल्या व्यापारी बंधूंस सांगण्याचे कारण नाही. परंतु पाटीवर, पुड्यावर व डब्यावर कोणत्या वळणाचे अक्षर घालावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. रंगारी अथवा मुद्रक जे दाखवील ते आपण मान्य करतो. म्हणून व्यापारात आवडीने वापरल्या जाणाऱ्या जाड व गोलाकार अक्षराचा थोडा अभ्यास येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

या जातीतील सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी अक्षर म्हणजे ‘कूपर ब्लॅक’. अमेरिकेत शिकागो येथील अक्षरकार ओसवाल्ड कूपर यांनी ते आखले, आणि तेथीलच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीने ते १९२२ साली विक्रीस काढले. जाहिरातदारांनी ते तत्काळ उचलून धरले. १९९५ साली सुरू झालेल्या इझीजेट या विमान कंपनीने आपले नाव याच वळणात लिहिले. म्हणजे शिशाच्या खिळ्यांचा काळ सरला, तरी हे अक्षर टिकून राहिले.

त्याचे रूप असे : रेघा जाड, अक्षरांतील पोकळ्या लहान, आणि प्रत्येक टोक गोल. अक्षराचा पायही सपाट नसून किंचित फुगीर असतो. केवळ जाड अक्षर दटावल्यासारखे वाटते. त्याचे कोपरे गोल केले की तेच आपुलकीने हाक मारू लागते. यामुळे मिठाई, खेळणी, मुलांचे कपडे व घरगुती खाद्यपदार्थ यांस ते विशेष शोभते. वकिलाच्या पत्रावर किंवा शोकसंदेशावर मात्र ते विसंगत दिसेल.

देवनागरीत हे वळण आणणे अधिक कठीण आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. एवढ्या पसाऱ्यात रेघ जाड केली की पोकळ्या बुजतात. ‘व’ आणि ‘ब’ यांत पोटातील एका तिरप्या रेघेचे, तर ‘घ’ आणि ‘ध’ यांत मुख्यतः शिरोरेषेतील खंडाचे अंतर आहे. आम्ही स्वतः एकदा मसाल्याच्या लहान पुड्यावर सर्व मजकूर जाड अक्षरात छापून घेतला. शाई पसरली, खंड बुजला, आणि ‘धणे’ याचे ‘घणे’ झाले. गिऱ्हाइके हसली, ते सोसले. परंतु एका वृद्ध बाईंना वजनाचा आकडा लागेना, तेव्हा मात्र आम्हांस ओशाळल्यासारखे झाले. इंग्रजी अंकांतील तीन, सहा व आठ हे जाड ठशात एकसारखे दिसू लागतात. दोष मुद्रकाचा नव्हता. निवड आमची होती.

या अडचणींवर विचार करून घडविलेले अक्षर म्हणजे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बालू’. त्याचे नाव अस्वलाची आठवण देते, व रूपही तसेच गुबगुबीत आहे. ते अनेक भारतीय लिप्यांत तयार झाले असून देवनागरीखेरीज इतर लिप्यांत त्यास भावाच्या नात्याचे नाव मिळाले : गुजरातीत ‘बालू भाई’, कन्नडमध्ये ‘बालू तम्मा’, तेलुगूत ‘बालू तम्मुडू’. शेवटच्या दोन्ही शब्दांचा अर्थ धाकटा भाऊ. बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या बंधूंस याचा उपयोग सहज कळेल. पाटीवर दोन लिप्या असल्या, की एक जाड व दुसरी बारीक दिसून एकाच दुकानाची दोन दुकाने भासतात. एकाच घराण्यातील अक्षरे घेतल्यास हा दोष टळतो. शिवाय हे अक्षर विनामूल्य व खुल्या परवान्याने मिळते.

आता उपयोगाचा नियम. जाड, गोल अक्षर हे हाक मारण्यासाठी आहे, हिशेब सांगण्यासाठी नाही. दुकानाचे व मालाचे नाव त्यात खुशाल घालावे. दोन ओळींत पुरेशी जागा सोडावी, म्हणजे खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकारास भिडणार नाही. परंतु वजन, किंमत, घटक व तारीख यांस साधे, मोकळ्या पोकळीचे अक्षरच घ्यावे. २०११ च्या वेष्टित मालाविषयीच्या वैधमापन नियमांत निव्वळ वजनाच्या अंकांची किमान उंची ठरवून दिलेली आहे, आणि मजकूर सुवाच्य असावा असेही बंधन आहे. कायदा नसता तरी हे आपले कर्तव्यच होते.

पाटी रंगविण्यापूर्वी तिचा नमुना कागदावर काढून रस्त्याच्या पलीकडून पाहावा. पुड्याचा नमुना प्रत्यक्ष आकारात छापून घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या हाती, संध्याकाळच्या उजेडात द्यावा. त्यांस नाव दुरून व वजन जवळून वाचता आले, तरच तो छापण्यास द्यावा.

मापात पाप नसावे, असे आपले वाडवडील सांगत आले. नाव मोठे व माप अस्पष्ट, अशा पुड्यात माप पुरे असले तरी गिऱ्हाइकाच्या मनात किंतु राहतो. तो राहू न देणे, हेच आम्हांस पाटीवरील सुंदर अक्षरापेक्षा मोलाचे वाटते.