उशिरां पालटलेली वाट

गेल्या दिवाळीच्या सुटींत एक पालक आमच्या घरीं आले. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो 7 वर्षें एका कारखान्यांत हिशेबनीस आहे. "सर, आतां अठ्ठाविसाव्या वर्षीं तो इंजिनियर व्हावयाचें म्हणतो. घरांत बायको आहे, लहान मूल आहे. त्याचें हें वेड आपण काढा," असें ते म्हणाले.

तसें वचन आम्हीं दिलें नाहीं. प्रथम हिशेब मांडला. इंजिनियरिंगच्या पदवीसाठीं बारावीस पदार्थविज्ञान व गणित हे विषय बहुधा लागतात, आणि वाणिज्य शाखेंत पदार्थविज्ञान नसतें. तेव्हां एक मार्ग असा कीं, दहावीच्या गुणांवर 3 वर्षांची पदविका घ्यावी व नंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळवावा. एकंदर 6 वर्षें झालीं. तेवढे दिवस घर कशावर चालेल, हें सूनबाईंस विचारल्यावांचून ठरवूं नये.

दुसरी अडचण लाजेची. सोळा वर्षांच्या मुलांशेजारीं बांकावर बसणें सोपें नाहीं. येथें आम्हीं त्यांस जॉर्ज ग्रीन ह्याची हकीकत सांगितली. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम गांवच्या ह्या पाववाल्याच्या मुलास शाळा लाभली ती जेमतेम वर्षभर. पुढें बापाची पवनचक्की सांभाळतां सांभाळतां तो गणित शिकला, व 1828 सालीं त्यानें विद्युत् आणि चुंबकत्व ह्यांच्या गणितावर एक निबंध छापविला. बाप वारल्यावर, 1833 सालीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं तो केंब्रिजला पहिल्या वर्षाच्या मुलांत जाऊन बसला. 1837 सालीं गणिताच्या पदवी परीक्षेंत चौथा आला. इंजिनियरिंगचे विद्यार्थी आज जो 'ग्रीनचा सिद्धांत' शिकतात, तो ह्याच्याच नांवाचा.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. ग्रीननें अभ्यासासाठीं चक्की सोडली नाहीं. आधीं अभ्यास केला, मग चक्की सोडली. म्हणून आम्हीं सुचविलें: नोकरी तशीच ठेवून मुलानें एक वर्ष रोज रात्रीं अकरावीचें गणित व पदार्थविज्ञान करावें. वर्षअखेर गोडी टिकली, तर तिला वेड म्हणूं नये. आटली, तर पगार बुडाला नाहीं. आणि शिकलेला जमाखर्चही वायां जात नाहीं. पूल बांधणारासही खर्चाचा अंदाज अगोदर करावाच लागतो.

पालक बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. उठतां उठतां म्हणाले, "त्यानें मला विचारलें, तेव्हां मी फक्त रागावलों."

पुढच्या रविवारीं मुलगा स्वतः आला व आमच्याकडील अकरावीचें गणिताचें पुस्तक घेऊन गेला. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं जे यंदा शाखा निवडणार आहेत, त्यांनीं ती विचार करून निवडावी. परंतु निवड चुकली असें पुढें वाटलें, तर घरीं सांगण्यास भिऊं नये. आणि पालकांस विनंती कीं, मुलगा बोलूं लागला म्हणजे आधीं त्याचें ऐकून घ्यावें.