निगाताला निघालेल्या भाचीस

चि. छकुलीस,


जपानच्या जेट कार्यक्रमात तुझी निवड झाली आणि नेमणूकही निगाता प्रांतात मिळाली, हे दादाने फोनवर सांगितलं तेव्हा फार आनंद झाला. त्याच भागातल्या शाळांत मी इंग्रजी शिकवलं आहे, तिथला बर्फ उपसला आहे, म्हणून हक्काने लिहिते.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकते. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदव. रहिवासी कार्ड कायम जवळ बाळग. कचऱ्याचं वेळापत्रक स्वयंपाकघरात चिकटव. भलत्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाले तिथेच सोडून जातात आणि ती कुणाची, हे शेजाऱ्यांना लगेच कळतं. थंडीत रॉकेलचा हीटर लावशील, तेव्हा मधूनमधून खिडकी उघडायचा कंटाळा करू नकोस. बंद खोलीत तो जिवावर बेततो.

आता खरं सांगायचं ते. तू एएलटी, म्हणजे सहायक शिक्षिका. १९८७ पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि त्याची रीत ठरलेली आहे: वर्ग जपानी शिक्षकाचा, आपण त्याच्या जोडीला. काही शिक्षक तुला फक्त धडा मोठ्याने वाचायला सांगतील. मन खट्टू करून घेऊ नकोस. आदल्या दिवशी जाऊन उद्याची पाच मिनिटं मागून घे आणि ती उत्तम वापर. पाचाची पंधरा आपोआप होतात.

त्या पाच मिनिटांत तू प्रश्न विचारशील आणि वर्ग गप्प बसेल. मुलगा खाली बघेल, मग शेजाऱ्याकडे बघेल, मग पुन्हा खाली. नव्या शिक्षकाला वाटतं, यांना काही येत नाही, आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. तू तसं करू नकोस. चारचौघांत चुकण्याची त्या मुलांना फार लाज वाटते, त्यात कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या तिसरीतल्या मुलांच्या (म्हणजे आपल्या नववीच्या) डोक्यावर हायस्कूलची प्रवेश परीक्षा असते. आधी दोघादोघांना आपसात बोलू दे, मग विचार. विचारल्यावर थांब. ती शांतता तुला जड जाईल, तरी थांब.

माझ्या मते तिथल्या शिक्षिकेचं निम्मं काम वर्गाबाहेर होतं. तिकडे शाळा मुलंच झाडतात, पुसतात. स्पीकरवर गाणं लागतं, बाकं मागे सरकतात आणि मुलं ओणवी होऊन ओलं फडकं दोन्ही हातांनी रेटत कॉरिडॉरभर धावतात. त्या वेळी स्टाफरूममध्ये बसलीस तरी कुणी काही म्हणणार नाही. तू मात्र फडकं घे. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा जानेवारीत माझ्या शेजारी बादलीत फडकं पिळत होता. लालबुंद हात माझ्यापुढे धरून तो म्हणाला, “कोल्ड!” मी म्हटलं, “व्हेरी कोल्ड!” त्यानंतर रोज बादलीपाशी त्याच्याकडे माझ्यासाठी एखादा नवा शब्द असायचा.

शाळेत मिळणाऱ्या जेवणाचंही तसंच. तिकडच्या साध्या सूपमध्येसुद्धा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो आणि तू शाकाहारी. शिक्षण मंडळाला हे पोचल्याबरोबर स्पष्ट सांग, डबा नेण्याची परवानगी घे. पण डबा खायला मुलांमध्येच बस. तुझ्या पोळीभाजीवर ती इतके प्रश्न विचारतील की पाठ्यपुस्तक लागणार नाही.

अमेरिकी उच्चारांची नक्कल करू नकोस. इंग्रजीची शिक्षिका म्हणजे गोरी, अशी काही जणांची समजूत तुला दिसेल. वाद घालू नकोस, संकोचही करू नकोस. तू ज्या इंग्रजीत शिकलीस, ती स्वच्छ आणि सावकाश बोल. मोठेपणी ही मुलं जगभरच्या माणसांशी इंग्रजीत बोलणार आहेत, तेव्हा तुझी इंग्रजी कानावर पडणं त्यांच्या हिताचंच आहे.

नोव्हेंबरपासून आभाळ राखाडी होतं आणि घरची आठवण फार येते. तोक्योत निशी-कासाईला आपली पुष्कळ माणसं आहेत. त्याच एदोगावा भागातून २०१९ मध्ये आपलेच योगेंद्र पुराणिक नगरसभेवर निवडून आले. शिंकान्सेनने दोनेक तासांचा रस्ता. सणावाराला जरूर जा, पण दर शनिवारी पळू नकोस. सुट्टीच्या दिवशी बाजारात, देवळाच्या जत्रेत, बर्फ उपसताना मुलांच्या आईवडिलांना तू दिसायला हवीस.

परतताना पेन्शनची रक्कम एकरकमी मागता येते, त्याला देश सोडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मात्र ती घेतली की तिथली वर्षं हिशेबातून जातात, म्हणून आधी मला विचार.

तू उन्हाळी सुट्टीत पोचशील, शाळा रिकामी असेल, दिवस जाता जाणार नाही. तेव्हा सगळ्या वर्गांचे बैठक-तक्ते मागून घे आणि मुलांची नावं पाठ कर. पहिल्या तासाला प्रत्येकाला नावाने हाक मार, आणि काय झालं ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आत्या